ज्याने धरले, त्याने राखावे

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कायद्यांची नावे बदलली, कलमांचे क्रमांक बदलले, वकील मंडळींनी नवी पुस्तके घेतली. या उलथापालथीत एक लहानसे कलम सामान्य माणसाच्या नजरेत फारसे भरले नाही. जुन्या संहितेत ते ४३ वे होते, नव्या संहितेत ते ४० वे आहे. जो पोलीस नाही, ज्याच्यापाशी कोणतेही सरकारी पद नाही, अशा माणसाला दुसऱ्या माणसास अटक करण्याचा अधिकार हे कलम देते. म्हणजे तो अधिकार तुम्हांला आहे, आम्हांला आहे, अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागेत राखणीला बसलेल्या गड्यालाही आहे. आपल्या हाती एवढी मोठी सत्ता आहे हे बहुतेकांच्या गावीही नसते; आणि ज्यांना ते ऐकून माहीत असते, त्यांना तिची मर्यादा माहीत नसते.

आपण ख्रिस्ती कुटुंबांनी या कलमाचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. चोराच्या पाठीमागे धावणाऱ्यांत आपली मुले असतात, आणि ज्यांच्यापाठी लोक धावतात त्यांतही आपली माणसे असतात. या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न आपल्या उंबऱ्याशी येऊन उभा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. खाजगी व्यक्तीला अटक करता येते ती केवळ दोन प्रसंगी. एक, न्यायालयाने ज्याला फरारी म्हणून जाहीर केले आहे असा अपराधी समोर आला तर. दुसरे, आपल्या डोळ्यांदेखत कोणी दखलपात्र आणि शिवाय अजामीनपात्र असा गुन्हा केला तर. ‘डोळ्यांदेखत’ हा या कलमाचा प्राण आहे. ऐकीव बातमी, संशय, ‘हाच तो असावा’ असा तर्क यांना येथे जागा नाही. धरलेल्या माणसाला विनाकारण विलंब न लावता पोलिसांच्या हवाली करावे, असे जुन्या कलमात होते. नव्या कलमाने त्याला सहा तासांची कमाल मुदत घातली आहे. आणि त्या माणसाने काही गुन्हा केला असे मानण्यास पुरेसे कारण नाही, असे पोलिसांना दिसले, तर त्याला तत्काळ सोडून दिले पाहिजे, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे.

हा अधिकार फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १२८५ साली विंचेस्टर येथे झालेल्या कायद्याने चोर पळू लागला की आरोळी ठोकावी आणि साऱ्या गावाने त्याचा पाठलाग करावा, असे बंधन घातले होते. तेव्हा आजच्यासारखे पोलीस खाते नव्हते. गाव हेच पोलीस. तीच कल्पना पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५९ व्या कलमात बसली. आपला जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून ती संहिता आपल्याकडे पोहोचली १९५१ साली. तोवर मराठवाड्याने खाजगी हातांतली सत्ता काय करू शकते, हे चांगलेच अनुभवले होते. रझाकार हे सरकारी पोलीस नव्हते; ते एका पक्षाचे हत्यारबंद स्वयंसेवक होते. कोणाला अडवावे, कोणाला धरून न्यावे, कोणाचे घर लुटावे, हे तेच ठरवीत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले आणि त्यांची सत्ता संपली. पण त्यानंतर काही जिल्ह्यांत सूडाची काठी दुसऱ्या हातांत गेली आणि असंख्य निरपराध मुसलमान बांधवांना तिचे तडाखे बसले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याचा अहवाल सरकारला दिला होता. काठी कोणत्या हातात आहे यावर न्याय अवलंबून राहिला, की तो न्याय उरत नाही, हा धडा आपल्या भूमीला दोनदा मिळालेला आहे.

सुगीच्या दिवसांत, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या ओट्यावर मंडळी बोलत बसली असताना, एका तरुण शेतकऱ्याने आम्हांला विचारले होते, ‘‘सर, वेचलेला कापूस रात्रीतून जातो, विहिरीवरची केबल कापून नेतात. पोलीस ठाणे इथून पंचवीस किलोमीटर. चोर हाती सापडला तर काय त्याची आरती ओवाळायची?’’ या प्रश्नाला हसून टाळणे योग्य नव्हे. ज्याची वर्षाची कमाई एका रात्रीत जाते, त्याला क्षमेचे प्रवचन देणे सोपे असते. शेजाऱ्याच्या मालाचे रक्षण करणे हेही शेजारधर्मात बसते. आपल्यावर ज्यांचा भार आहे त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हा हक्कच नव्हे, तर गंभीर कर्तव्यही असू शकते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ शिकवतो. तेव्हा चोराला धरू नये, असे आम्ही त्या तरुणाला सांगितले नाही.

त्याला जे सांगितले ते असे. नव्या कायद्याप्रमाणे पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी ही आता अदखलपात्र आणि जामीनपात्र झाली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने माल परत केला, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. याचा अर्थ असा की, बागेतून पोतेभर मोसंबी नेणाऱ्या पोराला अटक करण्याचा अधिकार आज बागमालकाला नाही. त्याने आपला माल वाचवावा, पोराला हटकावे, तक्रार द्यावी. पण त्याला खोलीत कोंडले, खांबाला बांधले, तर कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरेल तो बागमालक. तरुण क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘हे गावात कोणालाच माहीत नाही, सर.’’ ते खरे होते.

आणि जेथे अधिकार आहे, तेथे तरी काय घडते? जून २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात, चांदगाव येथे दरोडेखोर असल्याच्या संशयावरून जमावाने मारहाण केली आणि त्यात दोन माणसे मेली. आपला जालना-अंबडचा भाग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. ते गाव आपल्याला परके नाही. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी धरले गेले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून सगळीकडे पसरली होती. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तेथेच ठेचून मारले. पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, अशाच अफवेपायी दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून प्राणांस मुकले. पोलीस तेथे होते, तरी ते त्यांना वाचवू शकले नाहीत. मेलेल्यांत गोसावी होते, साधू होते. अन्य ठिकाणी मुसलमान होते, दलित होते, पारधी होते. जमाव जात-धर्म पाहून संशय घेतो खरा, पण एकदा हात सुटला की तो कोणालाच सोडत नाही.

या घटनांत एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी माणूस आधी ‘धरला’ गेला आणि मग मारला गेला. मारणाऱ्यांपैकी कित्येकांची अशीच समजूत असेल की आपण चोर पकडून गावाचे भले करीत आहोत. राईनपाड्याच्या घटनेनंतर थोड्याच दिवसांत, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेविरुद्ध सविस्तर आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी नेमावा, पीडितांना भरपाई द्यावी, खटले शीघ्रगती न्यायालयात चालवून शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी वा जन्मठेपेची शिक्षा सांगितली आहे. हे सर्व आवश्यकच होते. परंतु हे कायदे प्रेताजवळ येऊन उभे राहतात. माणूस जिवंत असताना, त्याच्या दंडाला पहिला हात लागतो त्या क्षणी, धरणाऱ्याला काय करावे आणि काय करू नये हे सांगणारे कलम मात्र सहा तासांची मुदत घालून थांबले आहे. माणूस मरायला सहा तास लागत नाहीत.

पोलिसाची गोष्ट पाहा. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये त्याच्यावर किती तरी बंधने घातली. अटक करताना नावाची पट्टी दिसली पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीनिशी झाला पाहिजे, नातेवाइकांना कळवले पाहिजे, कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ज्याला प्रशिक्षण आहे, गणवेश आहे, वरिष्ठांचा धाक आहे, त्याच्यावर इतकी बंधने. आणि ज्याला यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी एक ओळ! पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा अधिक जखडू नये, असा अटकेचा सर्वसाधारण नियम संहितेत आहे. पण खाजगी माणसाला तो कोण सांगणार?

सातशे वर्षांपूर्वी संत थॉमस अॅक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखादा माणूस कड्यावरून उडी घेत असेल किंवा दुसऱ्यावर हात उगारीत असेल, तर त्याला त्या क्षणापुरते धरून ठेवण्याचा अधिकार कोणालाही आहे. पण त्याला बांधून वा कोंडून ठेवण्याचा अधिकार ज्याच्यावर त्याची रीतसर सत्ता चालते त्यालाच आहे. कारण कोंडलेल्या माणसाचे दुष्कृत्य जसे थांबते, तसे त्याच्या हातून होऊ शकणारे सत्कृत्यही थांबते. हे शेवटचे कारण आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला आपण चोर म्हणून धरले आहे, त्याच्या हातून अजून काही चांगले घडू शकेल, ही शक्यता संतांनी त्याच्यापासून हिरावून घेतलेली नाही. कड्यावरून उडी घेणाऱ्याचा हात आपण धरतो तो त्याला वाचवण्यासाठी. चोराचा हात धरतानाही तीच वृत्ती ठेवता येते, असे या उदाहरणातून आम्ही शिकतो.

प्रेषितांच्या कृत्यांतील एकविसावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. पौल यरुशलेमच्या मंदिरात होता. शहरात त्याच्याबरोबर इफिसचा त्रफिम दिसला होता. तेवढ्यावरून लोकांनी समज करून घेतला की, पौलाने परकीयाला मंदिरात आणून ते भ्रष्ट केले. पाहिले कोणीच नव्हते. तरी सारे शहर खवळले, पौलाला मंदिराबाहेर ओढून काढले आणि लोक त्याला जिवे मारू लागले. तेव्हा रोमी सरदार क्लौद्य लुसिया शिपायांना घेऊन धावत आला. शिपायांना पाहताच मारणारे हात थांबले. सरदाराने पौलाला साखळ्यांनी बांधले खरे, पण आधी हा कोण आणि याने काय केले आहे, हे विचारले. गर्दीतून एक ना दोन, नाना आरोळ्या आल्या आणि त्याला काहीच उमगेना, म्हणून त्याने पौलाला गढीत नेण्याची आज्ञा केली. जमाव इतका हिंसक झाला होता की शिपायांना पौलाला उचलून पायऱ्या चढाव्या लागल्या. ख्रिस्ताचा हा महान प्रेषित त्या दिवशी वाचला तो एका मूर्तिपूजक अधिकाऱ्याच्या कर्तव्यबुद्धीने. राज्याच्या कायद्याची किंमत आपल्याला पहिल्या शतकातच कळलेली आहे.

ही कथा जुनी झालेली नाही. १९ मार्च २०२१ रोजी झाशी स्थानकावर दोन धर्मभगिनी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन तरुण उमेदवार मुलींना काही कार्यकर्त्यांच्या तक्रारीवरून गाडीतून उतरवण्यात आले. चौकशीत काही निष्पन्न न झाल्याने त्यांना पुढे जाऊ देण्यात आले. २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगढमधील दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनी, त्यांच्याबरोबर आलेला एक आदिवासी युवक आणि नारायणपूरच्या तीन तरुणी यांना कार्यकर्त्यांनी गराडा घातला. धर्मांतराचा आणि मानवी तस्करीचा आरोप ठेवून पोलिसांनी दोघी भगिनींना व त्या युवकाला अटक केली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीन दिला, तोवर त्यांना तुरुंगात राहावे लागले. त्या फलाटावर कोणाच्या डोळ्यांदेखत कोणता गुन्हा घडला होता? वेश दिसला, बरोबर परप्रांतीय मुली दिसल्या आणि समज करून घेतला गेला. त्रफिमच्या बाबतीतही तेच झाले होते.

शिवाय आपल्यापैकी किती तरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मंठा-परतूरकडची, अंबड-घनसावंगीकडची माणसे पश्चिम महाराष्ट्रात दुसऱ्याच्या शिवारात कोपी घालून सहा-सहा महिने राहतात. तेथे ती परकी असतात. गावात काही चोरीला गेले की पहिली नजर कोपीकडे वळते. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला गेला, त्या पारधी बांधवांना तर ती नजर आजही सोडत नाही. आपल्या गावात आपण राखणदार असतो, दुसऱ्याच्या गावात आपण संशयित असतो. म्हणूनच हा कायदा दोन्ही जागी उभे राहून वाचला पाहिजे.

तर मग या कलमात काय असावे? आमच्या मते एकच तत्त्व त्यात स्पष्ट लिहिले जावे: ज्याने धरले, त्याने राखावे. धरलेला माणूस पोलिसांच्या हाती जाईपर्यंत त्याच्या जिवाची आणि शरीराची जबाबदारी धरणाऱ्यावर असावी. त्यातून बाकीचे नियम आपोआप निघतात. धरताक्षणी ११२ वर किंवा पोलीस पाटलाला कळवावे. सहा तास ही सवलत न राहता, पोलीस येईपर्यंतचा किंवा ठाण्यापर्यंत पोहोचण्याचा जो कमीत कमी वेळ, तोच खरा वेळ मानावा. मारहाण, बांधणे, उलटतपासणी, कबुलीजबाब घेणे, चित्रफीत काढून पसरवणे यांना स्पष्ट मनाई असावी. धरणाऱ्याने आपले नाव, पाहिलेला गुन्हा आणि वेळ लिहून द्यावी. जमावाला नाव नसते, म्हणून ही अट जमावाला आपोआप वगळते. कोणत्याही संघटनेला, दलाला वा सेनेला हा अधिकार सामुदायिकपणे वापरता येऊ नये. आणि पोलीस येऊ शकत असतील, तेथे खाजगी अटकेची गरजच मानू नये.

हे काही जगावेगळे मागणे नाही. ज्या इंग्लंडमधून हा अधिकार आला, तेथे २००५ च्या कायद्याने तो आवळला गेला. गंभीर गुन्ह्यापुरताच आणि पोलिसाने अटक करणे शक्य नसेल तेव्हाच तो वापरता येतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १८६३ चा असाच कायदा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये अहमॉद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाला चोरीच्या निव्वळ संशयावरून तिघा गोऱ्यांनी गाड्यांनी पाठलाग करून गोळी घातली, आणि बचावासाठी त्या जुन्या कायद्याचा आधार घेतला. तिघांनाही शिक्षा झाली, आणि मे २०२१ मध्ये त्या राज्याने तो कायदाच रद्द केला. आपल्याकडे खेड्यापाड्यांतील अंतरे पाहता तो साफ रद्द करावा, असे आम्ही म्हणणार नाही. केबल कापणाऱ्याला धरण्याचा शेतकऱ्याचा हक्क राहावा. त्याबरोबर त्याचे कर्तव्यही लिहिले जावे.

या कर्तव्याचे पालन सामान्य माणसे करू शकतात, याचा पुरावा आपल्या इतिहासात आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्माजींवर गोळ्या झाडणाऱ्याला तेथील माळी रघू नायक आणि इतर उपस्थितांनी धरले. संतापाला त्याहून मोठे कारण या देशात क्वचितच मिळाले असेल. तरी मारेकरी जिवंत पोलिसांच्या हाती गेला. तो जिवंत राहिला म्हणून खटला उभा राहिला, आणि कटात कोण कोण होते हे न्यायालयापुढे आले.

संसदेने कलम बदलावे, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना लिहिता येईल, धर्मप्रांतातील वकील मंडळींना मसुदा करायला सांगता येईल. पण धर्मग्रामात जे करता येण्यासारखे आहे, त्याला संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. आपली तरुण मुले गावच्या गस्तीत किंवा ग्रामसुरक्षा दलात असतील, तर सुगी सुरू होण्यापूर्वी त्यांना एकत्र बसवून हे कलम वाचून दाखवावे. पाच हजारांची मर्यादा सांगावी. चोर सापडला तर चौघांनी त्याच्याभोवती, चेहरे बाहेर करून, उभे राहावे. म्हणजे तो पळणार नाही आणि येणाऱ्या गर्दीचा हातही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. एकाने फोन करावा, एकाने त्याला पाणी द्यावे. गेथशेमाने बागेत सोटे आणि तरवारी घेऊन आलेल्या जमावापुढे प्रभूने आपल्या माणसांना जाऊ देण्यास सांगितले आणि त्याला धरायला आलेल्यांतल्याच एकाचा कापलेला कान बरा केला. ज्यांचा प्रभू असा धरला गेला, त्यांनी दुसऱ्याला कसे धरावे, हे त्या मुलांना वेगळे शिकवावे लागू नये.